वेण्यांच्या मापाची टोपी

मी टोपी बोलतेय. उन्हातली नाही, मिरवायचीही नाही. प्रयोगशाळेत केस झाकायची साधी पांढरी टोपी. मला पाहून लोक आधी हसतात, कारण मी चांगली पिशवीएवढी मोठी आहे. हसा बापडे.

कोलंबियात, आत्रातो नदीकाठच्या किब्दो गावात, एनेलिदाबाईंनी मला शिवलं. बाई कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांच्याच जुन्या एप्रनच्या कापडाची मी. तरुणपणी त्या राजधानीत शिकायला गेल्या, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेच्या टोपीत त्यांच्या दाट कुरळ्या केसांच्या जाड वेण्या मावेनात, म्हणून त्यांना डोकं भादरून घ्यावं लागलं होतं. "माझ्या एकाही पोरीवर ही पाळी येऊ देणार नाही," असं सुईत दोरा ओवताना त्या पुटपुटत होत्या.

जिच्यासाठी मी शिवली गेले, ती बाईंची विद्यार्थिनी मार्युरी. आई बाजारात मासे विकायची, धाकटा भाऊ हिवतापात गेलेला. त्या तापाचाच अभ्यास करायचा, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं.

रविवारी दुपारी बाई उंबऱ्यावर बसायच्या, मार्युरी खालच्या पायरीवर. वेण्या घालता घालता अभ्यास चालायचा. डोकं बाईंच्या गुडघ्यांत अडकलेलं, पळणार कुठे? उत्तर चुकलं की वेणीला हिसका.

"आई गं! बाई, केस आहेत ते, दोरखंड नाही!"

"मग रक्तात शिरल्यावर जंतू काय करतो ते नीट सांग. तिकडे राजधानीत तुला कुणी सांभाळून घेणार नाहीये."

शेजारणी तळलेली केळी खात खात मजा बघायच्या. मला ते रविवार फार आवडायचे.

मग राजधानीत, बोगोतातल्या मोठ्या प्रयोगशाळेत मार्युरीची निवड झाली. बाईंनी मला तिच्या पिशवीत ठेवलं आणि बजावलं, "मान खाली घालून आत जायचं नाही. आणि केसांना कात्री लावायची नाही. कळलं?"

"कळलं, बाई."

पहिल्याच दिवशी तिथल्या प्रमुखांनी मला दोन बोटांत उचललं. आवाज अगदी गोड. "हे घरचं शिवण इथं चालणार नाही. आमची टोपी घाल. बसत नसेल तर बाहेरचं काम बघ."

त्यांची टोपी तिच्या वेण्यांवरून निसटायची. मी खुंटीवर आणि मार्युरी बाहेर बाटल्या धूत. आतल्या मुली येता-जाता म्हणायच्या, "एवढा पसारा हवाय कशाला गं डोक्यावर?" त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण तिची नजर त्या बंद दारावरून हलत नव्हती. काचेपलीकडे तिच्या भावाला नेणारा जंतू वाढत होता, आणि तिच्या हातात बाटल्या धुवायचा ब्रश.

एका सकाळी ती आली तेव्हा डोक्यावर त्यांची टोपी नीट बसली होती. दार उघडलं. ती आत गेली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी मात्र तिनं मला खुंटीवरून काढून आपल्या खोलीवर नेलं. तिथं रविवारी बाईंचा फोन यायचा. "तिकडे वेण्या कोण घालतं गं तुझ्या?"

"आहे एक मैत्रीण."

खोटं बोलून झालं की ती मला तोंडाशी धरून रडायची. मी ओलीचिंब व्हायचे. कापडाच्या हाती दुसरं काय असतं?

मग बाईंनी अंथरूण धरल्याचा निरोप आला. मार्युरी डोक्याला रंगीत फडकं गुंडाळून, मला पिशवीत घालून गावी आली. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, अगदी वाळलेल्या. पण तिला पाहताच म्हणाल्या, "बस खाली. घालते वेण्या."

"बाई, राहू दे ना आज. तुम्ही दमाल."

"बस म्हणते ना!"

मार्युरी जमिनीवर बसली. बाईंनी फडकं सोडलं, केसांत बोटं घालायला हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. मग त्या भादरलेल्या डोक्यावरून तो हळूहळू फिरला.

"तुलाही?" बाई म्हणाल्या.

मार्युरी त्यांच्या गुडघ्यांत तोंड खुपसून हमसाहमशी रडली. "मला आत जायचं होतं, बाई."

"ठाऊक आहे गं. मलाही जायचं होतं." मग त्या म्हणाल्या, "मी टोपी शिवत बसले. त्या दाराशी जाऊन भांडायला हवं होतं मी."

त्याच आठवड्यात बाई गेल्या. बायांनी त्यांना अंघोळ घातली, आणि मार्युरीनं त्यांच्या पांढऱ्या केसांच्या वेण्या घातल्या. अगदी बाईंसारख्या, पण एकही हिसका न देता. माझं काळीज कापडाचं, तरी ते फाटलं.

आता मी पुन्हा बोगोतातल्या त्याच खुंटीवर आहे. मार्युरी परतली ती थेट प्रमुखांकडे गेली. "ही टोपी उकळून, निर्जंतुक करून घेते. तपासा आणि मग नाही म्हणा." ते म्हणाले, "विचार करू." ती पुन्हा पुन्हा विचारते. ते अजून विचारच करताहेत.

तिचे केस वाढताहेत. लवकरच ती छोटी टोपी पुन्हा निसटायला लागेल. या वेळी कात्री लावणार नाही, असं रोज सकाळी मला हात लावून ती सांगते. मग दार बंद राहील की उघडेल, मला ठाऊक नाही.

ज्यांच्या हाती त्या दाराच्या किल्ल्या आहेत, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. पोरी फार लांबून येतात हो. त्यांच्या वेण्या घालणारे हात मागे राहतात, आणि एक दिवस तेही राहत नाहीत. तुम्ही टोपी तेवढी मोठी शिवा.