अर्ध्या सेकंदाचा सर्व्हर

"थांब, बघते," म्हणत तिने फोन खांद्यात धरून संगणकावर ते वेबपान उघडलं. अर्ध्या सेकंदात उघडलं.

"इथे तर छान उघडतंय, आई."

"इथे नुसतं गोल गोल फिरतंय. शेजारणीला कौतुकाने दाखवायला गेले, माझ्या लेकीने निवडलेल्या सर्व्हरवर आहे म्हणून. फजिती झाली ना माझी!"

पान मोठ्या रुग्णालयाचं होतं, रुग्णवाहिका बोलवायचं. फोनवर बोलावणी घेणं त्यांनी कधीच बंद केलं होतं. जे काही ते या पानावरूनच. ते कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायचं हे रुग्णालयासाठी ठरवायला तिने तीन आठवडे पाच कंपन्यांना घाम फोडला होता. दर पाच मिनिटांनी तेच पान मागायचं आणि उत्तराला लागलेला वेळ टिपायचा. ऑफिसात तिला घड्याळबाई म्हणत, आणि तिला ते आवडे. तिसरी कंपनी प्रत्येक वेळी पहिली आली. अहवालाखाली तिचीच सही होती, आणि आज सकाळी सातला रुग्णालयाने पान तिकडे हलवलं होतं.

आईच्या नेटचा आनंदीआनंदच, म्हणून सोडून देता आलं असतं. पण चैन पडेना. तिने फोनवरचं ऑफिसचं वायफाय बंद करून पान उघडलं. तीस सेकंद गेले, मग कोरा पडदा. वायफाय चालू केलं, पान लगेच हजर. परत बंद केलं, परत कोरा. तिने सगळं ऑफिसातूनच मोजलं होतं. कोण मोजतंय हे कंपनीने केव्हाच ओळखलं होतं, आणि ऑफिसच्या नेटचा पत्ता दिसला की बाकीच्यांना बाजूला सारून आधी तिला उत्तर मिळत होतं.

ती तडक साहेबांकडे गेली.

"साहेब, रुग्णालयाला जुन्या सर्व्हरवर परत जायला सांगा. आत्ताच्या आत्ता."

"का? कुणाची तक्रार आलीय?"

"नाही, पण..."

"मग आपणच कशाला बोंब मारायची? आधी विचार तरी त्यांना."

तिने तिथूनच रुग्णालयात फोन लावला. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या माणसाचा आवाज भलताच खुशीत होता.

"तक्रार कसली, ताई? एरवी अकरा वाजेपर्यंत चाळीसेक ठिकाणांहून बोलावणं येतं, मान वर करायला फुरसत नसते. आज सकाळपासून एकही नाही. सगळ्या गाड्या दारातच उभ्या आहेत."