लॉगिन ज्याचं, त्याची जबाबदारी

"सर, हे नियम तुम्हालाही लागू आहेत का?"

प्रार्थनेनंतर कॉम्प्युटरचे मनोज सर पासवर्ड जपण्याचे नियम सांगत होते. मैत्रीण राखीने पैज लावली म्हणून दहावीतल्या संजनाने भर मैदानात हे विचारलं आणि खसखस पिकली. सरांचा पासवर्ड त्यांच्याच कीबोर्डखाली चिठ्ठीवर असतो, हे आख्ख्या शाळेला ठाऊक होतं. सर चिडले नाहीत. म्हणाले, "मग लॅबचे नियम तूच लिही, वकीलबाई."

त्या दिवशी संजना जमिनीपासून चार बोटं वरून चालत घरी आली. पप्पा नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये. तिथे आत-बाहेर करायचं ते पासवर, आणि पप्पांचं ठरलेलं वाक्य होतं, पास ज्याचा, त्याची जबाबदारी. तिने 'पास'च्या जागी 'लॉगिन' घातलं आणि चौथा नियम केला. कागद लॅबच्या दारावर लागला. खाली तिचं नाव, ठळक.

पंधरा दिवसांत राखी स्वतःचा पासवर्ड विसरली. प्रोजेक्ट त्याच दिवशी द्यायचा होता. संजनाने आपला दिला. जिवलग मैत्रिणीला नाही कसं म्हणायचं?

वर्गातली स्नेहल बोलताना अडखळायची. तिच्या अडखळण्याचा व्हिडिओ, ढोलकीच्या ठेक्यावर बसवलेला, संजनाच्या लॉगिनवरून शाळेच्या ग्रुपवर गेला. पहिल्यांदा पाहताना संजनाही हसली होती. मग पाठवणाऱ्याचं नाव तिने वाचलं.

राखी म्हणाली, गंमत होती गं, माझं नाव घेऊ नकोस. आठवड्याने स्नेहलच्या आईने शाळेतून दाखला काढला आणि तिला हरसूलला मामाकडे धाडलं.

सरांनी उद्या पालकांना बोलावलं होतं. जेवताना मम्मी ताटाकडेच बघत होती. पप्पा हळूच म्हणाले, "चोरला कुणीतरी पासवर्ड, असं सांग. सरांचा नाही का चिठ्ठीवर असतो? दहावीचं वर्ष आहे, बेटा."

बावीस वर्षांत पप्पांनी आपला पास कुणाच्या हातात दिला नव्हता. संजनाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली, आणि तिच्या आत काहीतरी विझलं. लॅबच्या दारावरचा तो कागद आता कुणाचाच नव्हता.

तिने ताट बाजूला सारलं.

"उद्या मी खरं सांगणार आहे, पप्पा. पासवर्ड मीच दिला. कुणाला दिला, तेही सांगणार. आणि रविवारी हरसूलला जाणार. स्नेहल भेटायला बाहेर येणार नाही, माहीत आहे मला. तरी जाणार."