अंतऱ्याआधीचा हात

"नाय, परत मागं पडलं," म्हणत मोहियोद्दीननं हेडफोन काढला आणि कपाळाला हात लावला. सकाळपासून हेच चाललं होतं. कानात साहेबराव गात होता, हात त्याच्या बरोबरीनं चालत होते, आणि रेकॉर्ड झालेलं ऐकलं की ढोलकीची प्रत्येक थाप समेच्या मागं, पाय ओढत आल्यासारखी.

साहेबराव जाऊन वर्षही झालं नव्हतं. फुलंब्रीच्या या गवयाबरोबर मोहियोद्दीननं उभा जन्म लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवली. एक गाणारा, एक जन्मांध वाजवणारा. लोक म्हणायचे, जोडी देवानं जमवली. देवानं कसली, एका भांडकुदळ ऑर्केस्ट्रावाल्यानं जमवली, पण असो. स्टेजवर साहेबराव कायम त्याच्या डाव्या अंगाला बसायचा.

मागच्या उन्हाळ्यात दुष्काळापायी लग्नं घरच्या घरी उरकली. मांडवापेक्षा पाण्याचा टँकर महाग झालेला, तिथं गाणंबजावणं कुणाला सुचतंय! दोघंही रिकामे. तेव्हाच साहेबराव पडेगावला मोहियोद्दीनच्या घरी आला.

"मोही, चारूच्या पाठवणीचं गाणं केलंय मी. तुझ्या कॉम्प्युटरात भरून ठेव. त्या दिवशी माझ्या गळ्यातनं आवाज फुटायचा नाय, नुसतं रडू येईल."

"आन् ढोलकी?"

"ती तू वाजव की मागनं, सावकाश. मी काय पळून चाललोय व्हय?"

गाणं भरून झालं आणि पंधरवड्यात माणूस गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईस्तोवर सगळं आटोपलं. आता येत्या रविवारी त्याच्या लेकीचं, चारुताचं लग्न होतं, आणि साहेबरावची बायको, सत्यभामावहिनी, उद्या गाणं न्यायला येणार होती. नुसता आवाज द्यायचा? बिनढोलकीचं गाणं साहेबरावनं जन्मात गायलं नव्हतं.

"अब्बा, अब बस करो ना," रुक्सार, त्याची मुलगी, दारात चप्पल घालता घालता म्हणाली. गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात तिची नोकरी. "हात थक गए तुमारे. उमर हुई अब."

पोरगी काळजीनं बोलली, पण घाव वर्मी बसला. तीच तर भीती त्याला सकाळपासून खात होती. डोळे कधी नव्हतेच, त्यांचं दुःख नव्हतं. पण हातही गेले तर मागं उरलं काय?

ती गेल्यावर त्यानं नोमानला फोन लावला. नोमान त्याचा अंधशाळेतला दोस्त, त्यानंच त्याला कॉम्प्युटर शिकवलेला. सगळं ऐकून नोमान खो खो हसला.

"अरे येड्या, हात नाय थकले! कॉम्प्युटर आवाज हंड्यात भरतो आन् हंडा भरला की पुढं देतो. टँकरच्या लायनीत बघितलंस ना, हंडा जितका मोठा तितका उशीर. दुसरं सेटिंग लाव, मग तांब्या तांब्यानं जाईल. फक्त एक लफडं हाय."

"कोणतं?"

"ते सेटिंग साउंड कार्ड एकट्याच्या ताब्यात घेतं. तुझी बाई गप होणार."

बाई म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. तिच्याशिवाय कॉम्प्युटर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. कॉम्प्युटरचा स्वतःचा स्पीकर चालू असता तर बाईला तिकडं बसवता आलं असतं, पण तो मागंच व्होल्टेजनं जळाला होता. म्हणजे ऐकायला ताल हवा तर वाट दाखवणारी नाही, आणि वाट दाखवणारी हवी तर ताल नाही. काय न्याय आहे!

त्यानं बाईला बोलतं ठेवून कुठल्या बटणानंतर कुठलं, ते पाढ्यासारखं घोकलं. मग पंखा बंद केला, बिस्मिल्ला म्हणून सेटिंग बदललं, आणि बाई वाक्य अर्ध्यात टाकून गप झाली. आपल्याच घरात कुणी हात सोडून दिल्यासारखं त्याला झालं. चाचपत बटणं दाबली. काहीच नाही. चुकलं वाटतं. आणि मग कानात साहेबराव खाकरला.

मोहियोद्दीन वाजवत सुटला. परत लावून ऐकलं तर थाप अशी नेमकी समेवर, जणू साहेबराव शेजारीच बसलाय! "या अल्ला!" म्हणून तो मोठ्यानं हसला. हात गेले नव्हते. शाबूत होते, चांगले तरणेताठे होते.

पण अंतरा आला आणि ढोलकी मागं पडली.

त्यानं पुन्हा वाजवलं. मुखडा चोख, अंतऱ्याला उशीर. बाहेर नव्या बिल्डिंगीसाठी बोअर मारायचं मशीन सुरू झालं, ते थांबेपर्यंत घाम पुसत बसला. पुन्हा वाजवलं. तेच. "साहेब्या, मेल्यावर पण छळ मांडलास का माझा?" तो वैतागून बोलला आणि पुन्हा बसला. या वेळी त्याच्या ध्यानात आलं की अंतरा जवळ आला की आपला डावा गुडघा आपणहून पुढं सरकतोय.

साहेबराव अंतरा लहर लागेल तसा उचलायचा. बाकीचे वाजवणारे त्याच्या तोंडाकडं बघायचे. मोहियोद्दीनच्या गुडघ्यावर तो हात ठेवायचा. हात उचलला की थाप. सगळ्या जन्माची ती सवय. आजही मोहियोद्दीनची बोटं त्या हाताची वाट बघत थांबत होती.

हा उशीर कॉम्प्युटरचा नव्हता.

ढोलकी कापून पुढं सरकवणं त्याला येत होतं, त्याची बटणंही पाठ होती. एका बटणावर बोट गेलं आणि परत आलं. मग ढोलकीवर डोकं टेकून तो पोटभर रडला.

दुसऱ्या दिवशी सत्यभामावहिनीनं पदर तोंडाला लावून गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"लई चांगलं झालं भाऊ," ती म्हणाली. मग हळूच, "अंतऱ्याला ढोलकी जरा उशिरा आली व्हय?"

"आली वहिनी. तुम्ही म्हणाल तर सरकवतो."



"नका सरकवू," ती म्हणाली. "तिथं ते तुमच्या गुडघ्यावर हात ठेवायचे. मी बघितलंय ना."

रविवारी फुलंब्रीला चारुता मांडवातून निघाली आणि स्पीकरवर तिचा बाप गायला लागला. बायकांना हुंदके आवरेनात. मोहियोद्दीन पुढच्या खुर्चीवर बसला होता, काठी नेहमीसारखी डाव्या गुडघ्याला टेकवून. मुखडा संपत आला. त्यानं काठी उचलून उजवीकडं घेतली आणि डावा गुडघा मोकळा ठेवला.