विचारून सांगते

"बाई, ही गोळी एकदा सुरू केली की जन्मभर सुटत नाही, खरं का?" सानवीने मोबाईल माझ्या आईसमोर धरला. पडद्यावरचा तरुण छातीठोकपणे तेच सांगत होता.

आई देवरूखच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती; त्या बुधवारी मी तिचा डबा घेऊन तिथे गेले होते. सानवी बारावीची. नैराश्यासाठी डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या होत्या.

"थांबवल्यास की काय?"

"उद्यापासून थांबवणाराय."

"नको गो. विचारून सांगते. तोवर एकही चुकवू नको."

"एवढी पुस्तकं वाचलीत, तुम्हीच सांगा ना!"

"धूळ पुसते मी पुस्तकांवरची. डॉक्टर कुठली?"

सानवी हसली. आईने सूचीच्या जुन्या कार्डामागे प्रश्न लिहिला, खाली 'विचारते'. रत्नागिरीच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करायचा, उत्तर लिहायचं आणि विचारणाऱ्याचं नाव न घालता कार्ड दाराजवळच्या फळ्यावर लावायचं, हा तिचा नेम.

मी सोळाची असताना मलाही अशाच गोळ्या चालू होत्या. शेजारच्या सगुणाकाकू म्हणाल्या, "सवय लागते हो." आईने माझ्या गोळ्या परस्पर बंद केल्या. पुढचा महिना मी अंथरुणातून उठले नाही. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, तेव्हा फळ्यावर पहिलं कार्ड लागलं: 'गोळ्यांबद्दल मी ऐकीव माहितीवर विश्वास ठेवला. चूक माझी.' खाली सही. त्यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

गुरुवारी सकाळी चहा गाळता गाळता आई गेली.

पाचव्या दिवशी तिच्या पर्समध्ये ते कार्ड सापडलं. 'विचारते'च्या पुढे कोरंच. मी रत्नागिरीच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्यांचं उत्तर तिथे लिहिलं. "सुतकात कुठे निघालीस?" मामी म्हणाली. मी निघाले.

सानवी ग्रंथालयाच्या पायरीवरच बसली होती.

"चुकवलीस?"

"एकही नाही. बाई विचारून सांगते म्हणाल्या होत्या ना."

मी कार्ड वाचून दाखवलं. बहुतेकांना जन्मभर लागत नाही. किती दिवस घ्यायची ते डॉक्टर तपासून ठरवतात. बंद करायची तीही त्यांच्या सांगण्याने, हळूहळू.

"मीही घ्यायचे," मी म्हणाले.

"सुटल्या?"

"दोन वर्षांनी. डॉक्टरांनीच सोडवल्या."

"मग बरंय," म्हणत ती वर्गाकडे पळाली.

मी कार्ड फळ्यावर टाचलं. आईच्या खुर्चीवर तिची शाल तशीच होती.

"रागावले होते, आई," मी मोठ्याने म्हणाले. "पण पहिलं कार्ड वाचलं, त्याच दिवशी राग गेला."