मी फणी, टाळू खरवडणारी

मी फणी बोलतेय. स्टीलची, बारीक दातांची. सांतो डोमिंगोत एनेरोलिसाच्या घरी असते, आणि या घरातलं कुणीही मला आवडत नाही.

एनेरोलिसानं मला उवांसाठी आणलं. तिची मुलगी योकास्ता तेव्हा शाळेत होती. पुढे विशीत योकास्ताच्या टाळूला सोरायसिस झाला, जाड पांढऱ्या खपल्या धरल्या आणि मला पुन्हा काम मिळालं. खांद्यावर पडलेल्या खपल्या दिसतील म्हणून आठ वर्षं तिनं काळा कपडा अंगाला लावला नाही.

मलमांनी भागेना, तेव्हा डॉक्टर बाएस बाईंनी इंजेक्शनं सुरू केली. पहिलं दर पंधरा दिवसांनी. दुसरं महिन्याला एक. तिसरं तीन महिन्यांतून एकदा, आणि यादीतलं शेवटचं. दर तपासणीला बाई लालभडक डोकं बघायच्या आणि कागदावर त्या औषधापुढे फुली मारायच्या. एवढ्या शिकलेल्या, पण आदल्या दिवशी घरात काय चालतं ते कधी विचारलं नाही.

आदल्या दिवशी मी चालायचे.

"डॉक्टरांसमोर असलं डोकं घेऊन जाणार? लोक म्हणतील, हिला आई नाही." मग तेल, मग मी, मग ड्रायरचा गरम वारा.

"मम्मी, रक्त येतंय."

"येऊ दे. गलिच्छ दिसण्यापेक्षा बरं."

मला मजा यायची, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या इंजेक्शननं खपल्या पातळ झाल्या, तेव्हा मी चिडून नुसती कातडीच खरवडली. योकास्ता लाजेनं कुठे बोलायची नाही.

तिसऱ्याच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या, "हेही लागू पडत नाही. आता माझ्याकडे दुसरं काही नाही." योकास्ता रडायला लागली. रुमालासाठी एनेरोलिसानं पर्स उपडी केली आणि मी टेबलावर पडले. दवाखान्याबाहेरच्या बाकावर तिनं माझा शेवटचा हात फिरवला होता. माझ्या दातांत ओलं रक्त होतं.

"हे दर वेळी करता?"

"मग? तुमच्याकडे स्वच्छ आणायला नको?"

"अहो, ओरखडलं की तिथेच हा आजार नव्यानं उठतो. तिन्हींत कुठलं औषध चांगलं ते मला आजही माहीत नाही. इतके दिवस मी तुमची फणीच तपासत होते." बाईंनी तिसरं इंजेक्शन चालू ठेवलं. डोक्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

आज पुन्हा तारीख आहे. सकाळी एनेरोलिसानं खण उघडून मला उचललं. दारात योकास्ता उभी होती, काळा ब्लाउज घालून. खांद्यावर खपल्यांचे चार कण पडले होते, तेवढेच.

"मम्मी, ठेव ती."

एनेरोलिसानं मला परत खणात ठेवलं. ते कण झटकायला तिचा हात वर गेला आणि तसाच मागे आला. "असू देत. बाईंना दिसू देत," ती म्हणाली.

दोघी गेल्या. परत आल्यावर या खणाला कुलूप घाला म्हणावं. म्हातारीच्या हाताची सवय अजून गेलेली नाही, आणि माझे सगळे दात शाबूत आहेत.