चार वॉशर

बासिलियाच्या जीपला नवीन टायर बसवले ते तिच्या नवऱ्याने, फ्रोइलानने, आणि बसवले त्या दिवसापासून त्याच्या जिवाला घोर लागला. चाक पूर्ण वळवलं की टायर आत कुठेतरी घासायचा. टायर जुन्यापेक्षा दोन इंचांनी मोठे, जाड नक्षीचे, चिखल म्हणू नका की दगड म्हणू नका, सगळ्यावरून जाणारे. जीप मात्र होती तेवढ्याच उंचीची. उंच स्प्रिंगा घालून ती वर उचलली असती तर प्रश्नच मिटला असता. पण तोकोरानी गावच्या ड्रायव्हर संघटनेचा नियम होता, प्रवाशांची गाडी उचलायची नाही. हा नियम कुणा साहेबाने केलेला नव्हता, गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी भांडून करून घेतला होता. एकावर एक पाच घागरे, पाठीवर गाठोडं, आणि पायरी बघावी तर मांडीएवढी उंच! एका बैठकीत त्यांनी ड्रायव्हरांची अशी काही हजेरी घेतली की पुन्हा कुणी उंच गाडीचं नाव काढलं नाही.

आणि टायर मोठे घेतल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पावसाळ्यात गावाच्या डोंगरी रस्त्याला इतक्या खोल चाकोऱ्या पडतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. गेल्या पावसात बासिलिया तीनदा अडकली होती. तिसऱ्यांदा तर अख्ख्या गावाने दोर लावून तिला ओढलं, आणि ओढताना जे काही बोलायचं ते सगळं बोलून घेतलं.

फ्रोइलानने चाकामागचं प्लास्टिक कापलं. पत्र्याची कड हातोड्याने ठोकून आत दाबली. आवाज कमी झाला, गेला नाही. उजवीकडे पूर्ण वळवलं की अजूनही खर्र व्हायचं.

हा आवाज एरवी कुणी मनावर घेतला नसता. पण संघटनेत एक जागा रिकामी झाली होती आणि त्या जागेसाठी बासिलियाची परीक्षा होती. गाडी भरून माणसं घ्यायची, शेजारी अध्यक्ष बसणार, आणि तोकोरानीपासून खालच्या पुलापर्यंत उतरायचं. पास झाली तर प्रवासी न्यायला खालचा रस्ता कायमचा तिचा. नाहीतर जागा खालच्या गावच्या पाउलिनोला. एकोणीस वर्षं हाच रस्ता फ्रोइलानने चालवला होता. मग डावा डोळा गेला, लायसन्स गेलं, आणि तो पाना-हातोडा घेऊन अंगणात बसला. आता घरात कमावता हात बासिलियाचाच होता, आणि रस्ता मिळाला तरच तो चालणार होता.

गाडीची तपासणी आदल्या दिवशी दुपारी झाली. तपासणीनंतर गाडीला पाना लावायचा नाही, लावला तर परीक्षा रद्द, हेही ठरलेलं. अध्यक्षांनी चाकं बघितली, लाथ मारून बघितली, मान डोलावली आणि गेले. आणि त्याच संध्याकाळी फ्रोइलानने पाना लावला.

पुढच्या चाकांना किती वळायचं ते अडवणारा एकेक बोल्ट असतो. त्या बोल्टाच्या डोक्याखाली वॉशर घातले की बोल्ट तेवढा पुढे येतो आणि चाक जरा आधीच थांबतं. थांबलं की घासत नाही. त्याने डावीकडे दोन घातले, उजवीकडे दोन. अंगणात स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आवाज नाही. बायकोच्या परीक्षेत गाडी रडायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं. सकाळी तिला सांगू, असं ठरवून तो झोपला.

सकाळी अध्यक्ष तासभर आधीच दारात हजर. सेनोबियो चाम्बी, साठीचा माणूस, गालात चघळायच्या कोकाच्या पानांचा गोळा, आणि बोलणं असं की समोरच्याने उगाच माफी मागावी. त्यांनी बाटलीतली दारू नव्या टायरांवर थोडी थोडी शिंपडली, धरतीमातेचं नाव घेतलं, उरलेली स्वतः घेतली आणि पुढच्या सीटवर चढले. मागे सात माणसं कोंबली गेली. संत्र्यांची पोती टपावर चढली. देमेत्रिया मावशी कोंबडी मांडीवर घेऊन फ्रोइलानच्या शेजारी अशी बसली की त्याला हलायला जागा उरली नाही.

"काय रे फ्रोइलान, बायको चालवणार आणि तू सामान होऊन येणार?"

"आज सामानच आहे मावशी."

"मग गप बस. सामान बोलत नाही."

सगळे हसले, तोही हसला. आणि पहिल्या वळणावर त्याचं हसू मावळलं.

एरवी त्या देशात गाड्या उजव्या अंगाने चालतात, या एका रस्त्यावर मात्र डाव्या. उतरणाऱ्याने दरीच्या कडेने जायचं, म्हणजे डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला खिडकीतून आपलं चाक आणि कडा दोन्ही दिसतात. चढणाऱ्याने डोंगराला चिकटून यायचं, आणि पहिला मान त्याचा. बासिलियाने वळणावर स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. फ्रोइलानची नजर तिच्या हातांवर होती. हात जिथे थांबायला हवे त्याच्या बरेच अलीकडे थांबले. तिने पुन्हा जोर लावला. काही नाही. गाडी दरीकडे हातभर जास्त गेली, मग वळली.

हे वॉशरांचंच काम होतं. अंगणात सगळं सपाट होतं, चहूकडे जागा होती. अंगणात आजीचं कोपर नव्हतं.

आजीचं कोपर म्हणजे या रस्त्यावरचं सहावं वळण. डोंगराचं नाक पुढे आलेलं, रस्ता त्याला वळसा घालतो, आणि वळताना पूर्ण स्टिअरिंग लागतं. पूर्ण म्हणजे पूर्ण, बोटभरही कमी चालत नाही. एकोणीस वर्षं तो तिथून एका दमात वळत आला होता. हे त्याला ठाऊक नसेल तर कुणाला ठाऊक असणार? आणि नेमकं त्यालाच आठवलं नव्हतं.

"जड जातंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"थोडं, उस्ताद."

"चाकं मोठी. हाताला सवय होईल."

दुसऱ्या वळणावर तिने कडा सोडून आधी डोंगराकडे गाडी नेली आणि मग मोठा वळसा घेतला. समोरून कुणी आलं नाही म्हणून निभावलं.

"आत का गेलीस? वरून एखादा ट्रक आला असता तर?"

"ट्रक वरून नाही, खालून येतो, उस्ताद. आणि कडेला चिखल होता."

अध्यक्ष गुरगुरल्यासारखं हसले. देमेत्रिया मावशी म्हणाली, "बघा, हिला जीभही आहे आणि हातही आहे. पास करून टाका आणि मला कोंबडी विकायला जाऊ द्या."

तिसरं वळण झालं. चौथ्याआधी धबधब्याशी रस्ता चांगला रुंद होता. पाय मोकळे करायला सगळ्या गाड्या तिथे थांबतात. अध्यक्ष कोकाची पानं बदलायला उतरले, माणसं आडोशाला पांगली. फ्रोइलानच्या खिशात पाना होता. चाक वळवायचं, बोल्ट सैल करायचा, वॉशर काढायचे. दहा मिनिटं. पण ती दहा मिनिटं अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत, म्हणजे तपासणीनंतर पाना लावला हे चव्हाट्यावर, म्हणजे परीक्षा तिथेच रद्द. आणि संघटनेत इतकी वर्षं ज्याच्या हाताचं नाव होतं, त्याने बायकोच्या गाडीत लबाडी केली, असं पुलापर्यंत सगळ्यांच्या तोंडी.

बासिलिया त्याच्याजवळ आली. तिच्या कपाळावर घाम होता.

"ऐक ना. स्टिअरिंग लवकर अडतंय का? मला तसं वाटतंय."

त्याच्या ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. पण दहा पावलांवर अध्यक्ष उभे होते.

"चाकं मोठी आहेत," तो म्हणाला. "हात थोडे आधी फिरव, झालं."

तिने मान हलवली. तिने विश्वास ठेवला, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. गाडीत बसताना त्याने मनाशी हिशोब मांडला: कोपरावर समोरून कुणी नसेल तर ती आधीसारखी डोंगराकडून मोठा वळसा घेईल. निघून जाईल. फक्त समोरून कुणी येऊ नये. आयुष्यात कधी न केलेला नवस त्याने त्या वेळी केला.

चौथं, पाचवं वळण गेलं. कोपर दिसायला लागलं, आणि खालून हॉर्न ऐकू आला.

ट्रक. केळींनी भरलेला, डोंगराला घासून वर येणारा. मान त्याचा. बासिलियाने नियमाप्रमाणे गाडी कडेला घेतली, अगदी कडेला, आणि थांबली. ट्रक इतका जवळून गेला की मावशीने खिडकीतून हात आत ओढला. धुराचा लोट मागे ठेवून तो निघून गेला.

आता वळायचं होतं. गाडीला आत जाऊन वळसा घ्यायला जागा नव्हती. जिथे उभी होती तिथूनच वळायला हवं होतं.

तिने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. टक. चाक अडलं. गाडी हातभर पुढे सरकली, आणि डावं पुढचं चाक मऊ मातीवर आलं. चार खडे दरीत सुटले. खाली पोहोचल्याचा आवाज काही आला नाही.

तिने ब्रेक दाबला.

"फिरव ना!" अध्यक्ष ओरडले.

"फिरत नाही."

"फिरत नाही म्हणजे? जोर लाव!"

"उस्ताद, फिरत नाही!"

"जोर नाही मनगटात. मी पहिल्या वळणापासून बघतोय. हे वळण काय आज बांधलंय? सगळ्यांना एका दमात जमतं." त्यांचा आवाज चढला. "अगं, पाउलिनोचं पोरगंसुद्धा..."

बासिलियाने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवले होते आणि तिची बोटं पांढरी पडली होती. तिला वाटत होतं, आपलंच चुकलं. फ्रोइलानला तिचा चेहरा आरशात दिसत होता. तो जन्मात कधी इतका लाजला नव्हता.

"तिच्या हातात खोट नाही," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला. "मी बोल्टांखाली वॉशर घातलेत. काल संध्याकाळी. तपासणीनंतर. चाक पूर्ण वळत नाही. तिला ठाऊक नाही."

मावशीने कोंबडी घट्ट धरली.

"मेल्या," देमेत्रिया मावशी हळूच म्हणाली. "आम्ही सात जण आहोत रे."

अध्यक्ष मागे वळले नाहीत. "सगळे उतरा," ते म्हणाले. "उजवीकडून. एकेक. सावकाश." माणसं डोंगराच्या बाजूने उतरली आणि कातळाला पाठ लावून उभी राहिली. मावशीने घागरे गोळा केले आणि शिव्या न देता उतरली, यावरून सगळं काय ते समजावं.

"बासिलिया, थांब," फ्रोइलान म्हणाला. "दहा मिनिटं दे. वॉशर काढतो."

"कुठून काढणार? चाक आणि दरीत हातभरही जागा नाही. चाकाखाली तू जायचं नाहीस." तिने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. "मागे घ्यायला लागेल."

मागे घ्यायचं म्हणजे स्टिअरिंग डावीकडे फिरवून रिव्हर्स, म्हणजे नाक डोंगराकडे वळणार आणि मागचं डावं चाक दरीकडे जाणार. खिडकीतून डोकं काढलं तरी ते चाक तिला पुरतं दिसणार नव्हतं. कडेला गवत वाढलेलं. गवताखाली माती आहे की हवा, ते वरून कळत नव्हतं.

"मी मागे उभा राहतो," अध्यक्ष म्हणाले.

"नको उस्ताद. तो राहील."

"त्याला एकच डोळा आहे! कड्याचं अंतर त्याला काय कळणार?"

"एकच असू दे," बासिलिया म्हणाली. "आता तो खोटं बोलणार नाही."

फ्रोइलान मागे गेला. एका डोळ्याने अंतर खरंच कळत नव्हतं, म्हणून तो कडेला पालथा पडला. गवत उपटलं, कडा उघडी केली आणि चाक आणि कडा यांच्यामध्ये आपला पंजा टेकवला. गाडीचा धूर थेट तोंडात येत होता.

"किती?" तिचा आवाज आला. "खरं सांग."

"चार वीत."

जीप इंचाइंचाने मागे आली. जाड नक्षीचा टायर त्याच्या बोटांकडे सरकत होता.

"तीन."

"अजून?"

"दोन. सावकाश. दीड. थांब! थांब, थांब!"

थांबली. टायर त्याच्या करंगळीला टेकला होता. त्याने हात ओढला नाही.

"एक वीत आहे," तो म्हणाला. "पक्की माती आहे. हाताने चाचपली. पुढे घे."

तिने पुढे घेतलं. उजवीकडे, टक, थांबली. पुरेसं झालं नाही. पुन्हा मागे. पुन्हा तो पंजा टेकवून मोजत राहिला, आणि पुन्हा ती त्याच्या शब्दावर थांबली. असं तीनदा. तिसऱ्यांदा जीपचं नाक कातळाला निसटतं चुकवून पलीकडे गेलं, आणि चारही चाकं रस्त्याच्या मधोमध आली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशीने छातीवर क्रूस केला आणि कोंबडीला उगाच एक धपाटा घातला.

अध्यक्ष बराच वेळ बोल्टाकडे वाकून बघत होते. मग उठले. "बासिलिया, असं मागे घेणं मी तीस वर्षांत बघितलं नाही. तुझ्यात काही कमी नाही. पण तपासणीनंतर गाडीला पाना लागलाय. जागा पाउलिनोला जाईल. पुढची निघाली की सगळ्यांत आधी तुझं नाव."

"कधी निघेल?"

"कुणी म्हातारा झाला की." त्यांनी पानांचा गोळा दुसऱ्या गालात सरकवला. "माझीच निघेल बहुतेक, तीन-चार वर्षांत."

ते मागच्या सीटवर जाऊन बसले. परीक्षा संपली होती; फ्रोइलानने चारही वॉशर काढून खिशात टाकले. माणसं मुकाट चढली. फ्रोइलान दाराशीच उभा होता, कोपरापर्यंत मातीने माखलेला.

"मी विचारलं होतं तुला," बासिलिया म्हणाली. "धबधब्यापाशी."

"हो."

"तेव्हा दहा मिनिटांचं काम होतं."

"हो."

"परीक्षा तेव्हाही गेलीच असती. पण ही सात माणसं तरी कड्यावर आली नसती. आणि मी सगळी वळणं माझ्याच हातांना शिव्या देत उतरले नसते."

तिने डोळे पुसले, मनगटाने, घाईने, कुणी बघू नये असे. मग शेजारच्या रिकाम्या सीटवर हात आपटला.

"बस इथे. पुलापर्यंत बोलत राहायचं. जे आहे ते सगळं सांगायचं."

तो बसला. जीप निघाली.

"पुढे डावीकडे माती मऊ आहे," तो म्हणाला. "उजवीकडे तुला हातभर जागा आहे."

तिने त्याच्याकडे न बघता गाडी हातभर उजवीकडे घेतली.