पुतळीबाईचं प्रतिज्ञापत्र

"तू एकवीस वर्षांचा झालास, तिथंच ती मुदत संपली," नमिता वकील म्हणाल्या. "नुकसानभरपाईचा दावा आता टिकणार नाही, प्रविण."

अष्टमी गावातल्या त्यांच्या ऑफिसात प्रविण खुर्चीच्या कडेवर बसला होता. छत्तीस वर्षांचा, कंपनीत फिटर. शेजारी त्याची आई पुतळीबाई. मिठागरात उभा जन्म गेलेली. भेगाळलेली पावलं तिनं खुर्चीखाली ओढून घेतली होती.

प्रविण बारा वर्षांचा असताना पेणजवळच्या एका मठाच्या वसतिगृहात होता. मठाच्या महाराजांनी तिथं त्याच्याशी जे केलं, ते त्यानं तेव्हाच आईला सांगितलं होतं. तिनं मानलं नाही. उलट पुढची चोवीस वर्षं ती दर गुरुवारी मठाचं अंगण झाडत राहिली. गेल्या महिन्यात एक बाप आपल्या पोराला तिथून घेऊन निघाला. ते पोर अंगणात रडत जे बोललं, ते शब्द पुतळीबाईनं पूर्वी ऐकलेले होते. झाडू तिथंच टाकून ती घरी आली.

"मला पैसं नकोच हायत," प्रविण म्हणाला. "त्यो अजून तिथंच हाय. पोरं बी हायत."

"पोलिसांत आपण जाणारच आहोत, त्याला ही मुदत आड येत नाही. पण आणखी एक रस्ता आहे. मठाचा ट्रस्ट नोंदलेला आहे आणि महाराज विश्वस्त आहेत. त्यांना पदावरून काढा, चौकशी होईपर्यंत दूर ठेवा, असा अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे करता येतो. मात्र अर्जदाराचा मठाशी संबंध हवा. तुझा आता काही राहिलेला नाही."

"माजा हाय," पुतळीबाई म्हणाली. "भक्तमंडळाच्या वहीत नाव हाय माजं."

"मावशी, तुम्हाला गावात राहायचंय. लोक तोडून बोलतील."

"बोलू दे."

पंधरा दिवसांनी नमिता वकिलांनी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. एका वाक्यापाशी पुतळीबाईनं हात वर केला.

"काय वाचलंत? इश्वास ठेवला नाय? तेवढंच नाय झालं. मी मारला त्याला. देवमाणसाला नावं ठेवतोस म्हणून चुलीतल्या लाकडानं मारला. आनि दुसऱ्या दिशी हाताला धरून परत तिथं नेऊन सोडला. तसं लिवा."

"आये, रव दे गो," प्रविण खाली बघत म्हणाला.

"कायद्याला एवढं लागत नाही, मावशी. समोरचा वकील नेमकं यावरूनच तुम्हाला छळेल."

"छळू दे. मी माजं खरं अर्धं लिवलं, तर त्याचं पुरं कोन मानंल?"

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी ते वाक्य खोडलं आणि ती सांगेल तसं लिहून घेतलं. पुतळीबाईनं शाईचा अंगठा कागदावर जरा जास्तच वेळ दाबून धरला.

अलिबागच्या धर्मादाय कार्यालयात चार तारखा झाल्या. समोरच्या वकिलानं विचारलं, "आई असून तुम्हाला तेव्हा खोटं वाटलं, मग आता कसं खरं वाटतं?" ती म्हणाली, "तवाबी खरंच वाटलं होतं, साहेब. म्हणून तर येवढा मारला."

दिवाळीच्या तोंडावर आदेश आला. चौकशी पुरी होईपर्यंत महाराजांनी विश्वस्त म्हणून काम करायचं नाही, वसतिगृहात पाऊल टाकायचं नाही. पोलिसांची केस वेगळी चालूच होती. गावात लग्नाच्या मांडवात पुतळीबाईच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

आदेश आला त्या आठवड्यात प्रविण एका सकाळी रात्रपाळी करून घरी आला. जेवून त्यानं आतल्या खोलीत अंथरूण टाकलं. मठातून परतल्यापासून तो भर वैशाखातही आतून कडी लावूनच झोपायचा.

"आये," तो आतून म्हणाला, "दार उघडंच रव दे."

पुतळीबाईनं व्हय म्हटलं. खरकटी भांडी मोरीत पडली होती. ती तिनं तशीच ठेवली आणि आवाज होऊ नये म्हणून बांगड्या कोपराकडे सारून भिंतीशी बसून राहिली.